पाण्यात पाहिलेला हात

“हे घड्याळ कधी थांबलंच ना, तर लगेच आमच्याकडे धावत येऊ नका, आधी ते ज्याच्या हातात आहे त्या माणसाकडे बघा!”

दुकानातल्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा तिने ऐकलं होतं, हसलीही होती... आणि त्याच क्षणी सोडूनही दिलं होतं! कारण तिच्या कडेवर चिंगी होती, चिंगीच्या मुठीत काचेच्या कपाटाची इवलीशी चावी होती, आणि ती तोंडात जायच्या आत काढून घेणं हे त्या घटकेला जगातलं सर्वांत महत्त्वाचं काम होतं. शिवाय अशा भारी दुकानातली माणसं काहीतरी लक्षात राहील असं बोलतातच, असं तिचं मत. पांढरे हातमोजे घालून, मखमली तबकात घड्याळ मांडून, देवघरात बोलावं तशा आवाजात बोलणाऱ्या बाई... त्यांनी नुसतं ‘आज हवा बरी आहे’ म्हटलं असतं तरी ते गंभीरच वाटलं असतं!

“म्हणजे काय हो?” नवऱ्याने मात्र कुतूहलाने विचारलं.

“म्हणजे याला सेल नाही. हात हलला की आतलं चाक डुलतं आणि आपोआप चावी बसते. माणूस हलता-फिरता तोवर हेही चालतं. माणूस बसला की थोड्याच वेळात हेही बसतं.”

“मग आमच्याकडे थांबायची भीती नाही,” ती म्हणाली. “ही पोरगी कुणाला बसू देते!”

बाई हसल्या. नवरा हसला नाही. तो घड्याळाकडे बघत होता आणि ती नवऱ्याकडे... लग्नात तिच्याकडेसुद्धा त्याने इतकं भान हरपून पाहिलं नव्हतं!

घड्याळ होतं समुद्रात बुड्या मारणाऱ्या पाणबुड्यांचं. जाड काच, नारिंगी तबकडी, काळोखात चमकणारे ठिपके, आणि तबकडीभोवती टक् टक् करत फिरणारी दातेरी कडी. पण लोक त्याच्यासाठी वेडे झाले होते ते एका सिनेमामुळे. कधीकाळच्या त्या सिनेमात नायक बुडालेल्या जहाजात उतरतो, जहाजाच्या पोटातल्या खोलीचं दार त्याच्या मागे धाडकन बंद होतं, नळकांड्यातली हवा संपत येते... आणि तो घाबरत नाही! तो डावा हात डोळ्यांसमोर धरतो आणि उजव्या अंगठ्याने ती कडी फिरवतो. एकदा, दोनदा, तीनदा. जणू मरणालाच म्हणतो, थांब जरा, माझं काम व्हायचंय! त्या एका दृश्याने एका पिढीतली पोरं पागल केली. ज्यांच्याकडे घड्याळ नव्हतं तीही रिकाम्या मनगटावर अंगठा फिरवत हिंडायची.

तिचा नवरा त्यांतलाच. वयाने वाढला, लिफ्ट तपासणारा इंजिनियर झाला, बाप झाला. पण अजूनही लिफ्टची वाट बघताना, डॉक्टरच्या दाराबाहेर, भांडणात शब्द सुचेनासा झाला की त्याचा अंगठा डाव्या मनगटावर फिरायचाच. टक्, टक्, टक्! कपाटाच्या एका खणात त्याची घड्याळं मांडलेली असत. चांगली होती, जुनी होती, एकेकाला इतिहास होता. पण ती सगळी ‘ते’ मिळालं नाही म्हणून घेतलेली. आता कंपनीने त्या सिनेमाच्या आठवणीखातर तेच घड्याळ पुन्हा काढलं होतं, आणि पेटीच्या झाकणाच्या आत त्या प्रसिद्ध दृश्याचं चित्र बसवलं होतं : हिरवट पाणी, बुडबुडे, आणि कडी फिरवणारे दोन हात.

“हा माणूस नसता ना,” दुकानातून बाहेर पडताना नवरा त्या चित्रावरून बोट फिरवत म्हणाला, “तर मी लहानपणी भित्राच राहिलो असतो. घरात धडा घ्यावा असं होतं कोण!”

तिने चिंगीला दुसऱ्या कडेवर घेतलं. घरात कोण होतं ते तिला ठाऊक होतं...

घरात बाबा होते. तिचे सासरे. गोदीच्या भांडारात कारकुनी करून निवृत्त झालेले, एका कानाने ठार बहिरे, बोलायला कमी आणि चहाला कधी नाही न म्हणणारे. सासूबाई गेल्यापासून बापलेकांमधलं बोलणं जवळजवळ संपलंच होतं. जे उरलं होतं ते तिच्यामार्फत चाले. दोघं एकाच टेबलाशी बसलेले असत आणि बाबा म्हणत, “सूनबाई, त्याला म्हणावं, सदऱ्याचं बटण तुटलंय.” त्यावर तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणे, “अगं, त्यांना सांग, मला दिसतंय.” सुरुवातीला तिला हसू यायचं. मग हसू यायचं बंद झालं. मुलगा बापाला पाण्यात पाहतो, हे तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळून चुकलं. पण का, ते कळायला बराच काळ गेला.

कारण एवढंसं होतं... आणि केवढं तरी होतं! लहानपणी सगळ्या मुलांचे बाप मुलांना घेऊन तरणतलावात उतरत. याचे बाबा काठावरच्या पायरीवर, बूटसुद्धा न काढता बसून राहत. मुलगा हाका मारायचा, रडायचा, हात धरून ओढायचा. बाबा हलायचे नाहीत. पोरं चिडवायची, ‘तुझे बाबा पाण्याला भितात!’ आणि घरी तो सिनेमा टीव्हीवर लागला की बाबा उठून आत निघून जायचे. “माझ्या एकाही आनंदात हा माणूस कधी शेजारी बसला नाही,” नवरा एकदा म्हणाला होता, आणि त्याचा आवाज इतका लहान मुलासारखा झाला होता की पुढे काही विचारायचा तिला धीर झाला नाही.

घड्याळ घरात आलं आणि थोड्याच दिवसांत नवऱ्याला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. नव्या इस्पितळाच्या लिफ्ट बसायच्या होत्या, मुक्काम लांबणार होता. न वापरलेली घड्याळं फिरती ठेवायचं एक छोटं यंत्र त्याच्याकडे होतं. नेमकं तेच घरघर करून गप्प झालं होतं.

“लिफ्टच्या कामात याला ओरखडे पडतील, तू रोज हातात घाल,” बॅग भरता भरता तो म्हणाला. “थांबू देऊ नकोस हं! एकदा थांबलं की आतलं तेल सुकतं म्हणतात.”

“अहो, ते वजन बघा! चिंगीच्या डोक्याला लागलं म्हणजे?”

“मग काय शेजाऱ्यांना देऊ घालायला?”

तो गेल्यावर तिने खरोखर घालून पाहिलं. चिंगीला उचलताना पट्ट्याची पोलादी कडा पोरीच्या मानेशी आली आणि तिच्या अंगावर काटाच उभा राहिला! ती होतीच तशी. चिंगी झोपली तर श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरणारी, जागी झाली तर का जागी झाली म्हणून घाबरणारी... कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना पानाची एकेक शीर निरखायची लागलेली सवय आता सगळी त्या पोरीवर उतरली होती. चिंगीच्या डाव्या करंगळीचं टोक आत वळलेलं होतं, एखाद्या कोवळ्या काकडीसारखं. तेवढ्यासाठी ती तीन डॉक्टरांकडे जाऊन आली होती. तिघांनीही तेच सांगितलं : काही नाही हो, घराण्यातलं असेल कुणाचं तरी.

घड्याळ काढून ती उभी होती, आणि समोरून बाबा चालले होते. चिंगीला खांद्यावर टाकून, या खोलीतून त्या खोलीत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत... आणि तिच्या डोक्यात वीज चमकली. घरात चालतं-बोलतं यंत्र असताना ते मेलेलं यंत्र दुरुस्त कशाला करायचं?

“बाबा, एक काम कराल? हे जरा हातात घालून फिराल का? ते यायच्या आदल्या दिवशी परत पेटीत ठेवू. त्यांना सांगायचंच नाही!”

बाबांनी घड्याळ पाहिलं. आणि तिने बाबांना पाहिलं... त्या चेहऱ्यावरून काय सरकून गेलं ते तिला पकडता येईना. भीती म्हणावी तर डोळे हसत होते; आनंद म्हणावा तर ओठ थरथरत होते!

“माझ्या हातात?” ते म्हणाले. “नको गं. महागाची वस्तू...”

“चिंगी त्याहून महागाची आहे. ती मी देतेच की तुमच्या हातात!”

बाबांनी झोपलेल्या चिंगीला पाळण्यात ठेवलं. त्यांनी घड्याळ बांधलं. आणि मग त्यांनी जे केलं ते पाहून तिचा हात चहाच्या कपावरच थांबला. न बघता, बोलता बोलता, त्यांनी उजव्या अंगठ्याने कडी फिरवली. टक्, टक्, टक्.

नवऱ्याला तीच लकब करताना तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. पण तो करायचा ती नक्कल वाटायची. हे काहीतरी निराळं होतं. कसलेल्या गायकाने नुसताच घसा साफ करावा, तसं!

“हे काय केलंत, बाबा?”

“कुठे काय? चिंगी आत्ता झोपली ना, तिची खूण लावली. किती वेळ झोपली ते कळेल.”

तिने घड्याळ त्यांच्या मनगटावरच धरून कडी उलटी फिरवून पाहिली. फिरेना. “ही एकाच बाजूने का फिरते हो?”

“पाण्याखाली धक्का लागला तर म्हणून,” बाबा सहज म्हणाले. “चुकून फिरलीच तर खाली जास्त वेळ झाला असंच दाखवते. माणूस लवकर वर येतो. लवकर आलेल्याचं काही जात नाही, सूनबाई. उशीर झालेल्याचं...” आणि ते एकदम थांबले. चोरी पकडली गेल्यासारखे. “असं... असं कुठंतरी वाचलं होतं.”

कुठं वाचलं? बाबा तर बातम्यांपलीकडे काही वाचत नसत! तिच्या मनात कुतूहलाचा किडा वळवळू लागला तो काही केल्या गप्प बसेना. गोदीच्या भांडारातल्या कारकुनाला हे कसं ठाऊक? पाण्याला भिणाऱ्या माणसाला पाण्याखालचं शहाणपण कुठून आलं? त्यांचा कान कशाने गेला? आणि इतकी वर्षं या घरात राहून आपण त्यांना हे एकदाही कसं विचारलं नाही?

दुसऱ्या दिवशी पेटी पुसायला म्हणून तिने झाकण उघडलं आणि चित्राकडे तिची नजर गेली. हिरवट पाणी... बुडबुडे... नारिंगी तबकडी... आणि डाव्या हाताची करंगळी. तिचं टोक आत वळलेलं होतं.

ती चित्र घेऊन खिडकीशी गेली. उजेडात धरलं. मग पाळण्याशी गेली, चिंगीची मूठ हळूच उघडली. मग बाहेरच्या खोलीत आली. बाबा खुर्चीत बसून हातात पेपर धरून वाचत होते. डाव्या हाताची चार बोटं कागदाच्या कडेवर ओळीने दिसत होती. त्यांतलं शेवटचं...

तिने फोनवर तो सिनेमा लावला. जमिनीवरच्या प्रसंगांत नायकाची बोटं कशी होती? सरळ, लांबसडक, सोट्यासारखी! पाण्यात गेला की करंगळी वाकडी. बाहेर आला की सरळ. इतक्या जणांनी पाहिलेला तो सिनेमा, आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कारण सगळे घड्याळ बघत होते! बोट बघायला एखाद्या वाकड्या करंगळीच्या पोरीची आईच हवी होती.

“बाबा,” तिने पेपर बाजूला सारून चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं, “हा हात तुमचा आहे.”

बाबांनी चित्रावरून अंगठा फिरवला आणि हलकेच म्हणाले, “कारकुनीच्या आधी मी गोदीत पाणबुड्या होतो, पोरी.”

आणि मग सगळं आलं... आतून आतून, अडत अडत! जहाजांचे तळ तपासायला उतरणारा तरणाबांड पाणबुड्या. सिनेमावाल्यांची बोट. नायकाला पोहता येत नव्हतं, पाण्याचं नाव काढलं की त्याला घाम फुटायचा; पण बाकी माणूस सोन्यासारखा. त्याच्याऐवजी हे उतरले. कुणाला सांगायचं नाही असा शब्द घेतला गेला, यांनी दिला. शेवटच्या दिवशी खाली कॅमेरावाल्याची हवेची नळी जहाजाच्या पत्र्यात अडकली. यांनी ती सोडवली, त्याला वर ढकललं, आणि स्वतः इतक्या घाईने वर आले की कानाचा पडदा फाटला. पुन्हा डोकं पाण्याखाली घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पाण्याखाली त्यांना वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेनासं झालं होतं.

“म्हणून तलावात...”

“पायरीवर बसायचो ना, तेव्हाही भोवळ यायची. वाटायचं, आत उतरलो आणि याच्यादेखतच...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“पण नंतर तरी सांगायचं! तो नायक जाऊनही किती वर्षं झाली. शब्द सुटला होता ना?”

“सुटला होता. सांगायचं ठरवलंही होतं. त्याच दिवशी.” बाबांचे डोळे भरून आले. “पण तो गेल्याची बातमी आली आणि हा पोरगा जेवला नाही. उशीत तोंड खुपसून रडत होता. मी जवळ जाऊन बसलो. काय सांगू त्याला? ज्याच्यासाठी रडतोस त्याला पोहताही येत नव्हतं? अगं, त्या माणसाकडे बघून माझं पोर धीट झालं! अंधाराला भ्यायचं बंद झालं, अंगठा फिरवत परीक्षेला जायला लागलं. धीर माझा होता की त्याचा, काय फरक पडतो? पोरापर्यंत पोचला ना!”

“बाबा...!”

“आणि पायरीवर बसलेल्या बापाने सांगितलं असतं, तर त्याने मानलं असतं? सूनबाई, मला वचन दे. त्याचा नायक शाबूत राहू दे.”

तिने वचन दिलं.

त्यानंतरचे दिवस तिने मोठ्या नवलाईत काढले. बाबांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. खाली आवाज येतो का हो? मासे अंगाला लागतात का? भूक लागते का? बाबाही खुलले होते. “मासे काय, ऑफिसातल्या साहेबांसारखेच,” ते म्हणायचे. “तोंड हलत असतं, ऐकू काही येत नाही, आणि आपण जवळ गेलो की निघून जातात!”

आणि मग हळूहळू ते मिटत गेले.

आधी म्हणाले, कंबर धरलीय, चिंगीला तूच घे. पेपर हातात धरेनासे झाले. टेबलावर पसरून वाचू लागले. पट्टा लावून दे गं, डोळ्यांना दिसत नाही, असं म्हणून रोज मांडीवरच्या मनगटावर तिच्याकडून तो बांधून घ्यायला लागले. डाव्या हातावर टॉवेल टाकून खुर्चीत बसून राहत. चिंगी त्यांच्या पायाशी येऊन हात वर करी, ‘आ... आ...’ करी, आणि ते तोंड फिरवत. डोळ्यांत तेल घालून पोरीला जपणारी ती, हे सगळं बघत होती. आणि बघूनही तिने काय अर्थ काढला? जुनं बोलून टाकल्याचा पश्चात्ताप होत असेल. म्हातारपणाचा लहरीपणा. थोडा रागही आला तिला. आपल्यावर रुसावं, पोरीवर कशाला?

एका सकाळी पट्टा बांधताना तिला दिसलं, काटे हलत नव्हते. घड्याळ थांबलं होतं!

तिच्या काळजात धस्स झालं... आणि तेही कशासाठी, तर घड्याळासाठी. आतलं तेल सुकलं असेल का? बाबांनी कुठे आपटलं असेल का? नवरा उद्या येणार, त्याला काय तोंड दाखवायचं? तिने घड्याळ पेटीत घातलं, पेटी पिशवीत, चिंगी कडेवर, आणि टॅक्सी करून ती थेट त्या दुकानात जाऊन थडकली.

त्या हातमोजेवाल्या बाईंनी घड्याळ कानाशी धरून दोनदा हलवलं. सेकंदकाटा टुणकन उडून पळायला लागला.

“याला काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “घातलं नव्हतं का कुणी?”

“घातलं होतं हो! रोज! सकाळी मी स्वतः बांधते.”

“मग हात हलला नसेल.”

“असं कसं? दिवसभर घालून बसलेले असतात...”

वाक्य तिच्याच कानांवर पडलं आणि ती जागच्या जागी थिजली. बसलेले असतात! कंबर... पेपर... पट्टा... टॉवेल... दुकानातला झगमगाट तिच्या डोळ्यांपुढे गरगर फिरला. पहिल्या दिवशी या बाई काय म्हणाल्या होत्या? त्यांना आता ते पुन्हा म्हणावंही लागलं नाही!

ती घरी पोचली तेव्हा बाबा तसेच खुर्चीत होते. तिने चिंगीला खाली ठेवलं आणि त्यांच्या हातावरचा टॉवेल ओढला.

“बाबा, हात वर करा.”

“अगं, चहा तरी घे आधी...”

“हात वर करा, बाबा! डावा!”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. हात मांडीवर पडून होता, ओल्या कपड्याच्या बोळ्यासारखा. बोटं जराशी हलली, तेवढीच.

“कधीपासून?”

“झाले थोडे दिवस. एका सकाळी उठलो तर जड वाटला. म्हटलं, उतरेल.”

“आणि मला सांगितलं नाहीत? मी काय परकी आहे का हो? का नाही सांगितलंत?” ती ओरडत होती आणि रडत होती.

“सांगितलं असतं तर तू...” म्हाताऱ्याचा चेहरा एखाद्या अपराधी मुलासारखा झाला. “तू आधीच इतकी घाबरतेस गं. सांगितलं असतं तर चिंगी पुन्हा कधी माझ्या हातात दिली नसतीस. म्हटलं, चार दिवस उचलणार नाही, बरा होईल, मग घेईन...”

ती मटकन खाली बसली. तिच्या काळजीनेच तिच्या घरातल्या एका माणसाचं तोंड बंद केलं होतं!

रडायला मात्र वेळ नव्हता. शेजारच्यांच्या मदतीने तिने बाबांना इस्पितळात नेलं. निघताना बाबा म्हणाले, “घड्याळ बांध. परत चालू राहायला हवं ना, तो उद्या येतोय.” त्या परिस्थितीतही! तिने त्या निर्जीव मनगटावर पट्टा बांधला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, यंत्राखाली घातलं, आणि चष्मा काढून म्हणाल्या, “मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह मध्येच अडला होता. वेळेवर आणलंत असं मी म्हणणार नाही. पण आणलंत हे बरं केलंत. पुढचा झटका मोठा आला असता.”

रात्री तिने फोन केला होता; दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा प्रवासाच्या बॅगेसकट इस्पितळात शिरला. खाटेजवळ आला, बापाच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून नजर खाली वळवली... आणि चादरीवर त्याला ती नारिंगी तबकडी दिसली.

“हे... हे यांच्या हातात?”

“मी सांगते सगळं, आधी बसा...”

“अगं, तुला घालायला सांगितलं होतं! आणि तू दिलंस कुणाला?” रात्रभराच्या काळजीला वाट हवी होती, ती भलतीकडूनच फुटली. “आयुष्यभर पायरीवर बसून राहिलेल्या माणसाला! या घड्याळाचा अर्थ तरी कळतो का यांना?”

बाबांनी डोळे मिटून घेतले. उजव्या हाताने ते चाचपडत पट्ट्याचं बक्कल शोधू लागले. “काढ गं, सूनबाई... त्याचं त्याला दे...”

आणि तिच्या आतलं काहीतरी तुटलं!

“नाही काढणार!” ती इतक्या जोरात म्हणाली की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. “बाबा, मला माफ करा. मी वचन मोडतेय. तुमच्या गप्प बसण्याने तुमचा हात गेलाय. आता मी गप्प बसले तर तुम्ही जाल!”

तिच्या पिशवीत पेटी अजून तशीच होती. तिने झाकण उघडून नवऱ्यापुढे धरलं. “सांगा, हा कुणाचा हात?”

“हा काय प्रश्न झाला? सगळ्या जगाला...”

“सगळं जग घड्याळ बघतं. तुम्ही करंगळी बघा.”

तिने चिंगीची डावी मूठ उघडून त्या चित्राच्या एका बाजूला धरली. दुसऱ्या बाजूला बाबांचा तो जड, निपचित हात उचलून ठेवला. एक करंगळी कोवळी, एक सुरकुतलेली, मधली पाण्यातली... आणि तिन्हींचं टोक तसंच आत वळलेलं!

नवरा बघत राहिला. त्याचा उजवा अंगठा नकळत डाव्या मनगटावर गेला, फिरला, आणि मध्येच थांबला. त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

“बाबा...” किती वर्षांनी तो शब्द त्या तोंडून थेट निघाला होता! “हे... तीनदा फिरवणं... हे तुमचं?”

बाबांचं तोंड एका बाजूला जरा ओढल्यासारखं झालं होतं. तरी ते हसले.

“अरे, कडी घट्ट बसली होती. एका खेपेत फिरेचना. म्हणून तीनदा फिरवायला लागली. मी म्हटलं, परत करतो. तर दिग्दर्शक म्हणाला, छान दिसतंय, राहू दे!”

नवरा आधी हसला. आणि हसता हसता त्याचा बांध फुटला. तो खाटेच्या कडेशी गुडघे टेकून बसला, बापाच्या त्या निर्जीव तळव्यात तोंड लपवून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

“मी तुम्हांला पाण्यात पाहिलं, बाबा! आयुष्यभर तुम्हांला पाण्यातच पाहिलं... आणि ओळखलं नाही हो!”

“पाहिलंस ना?” बाबा उजव्या हाताने त्याच्या केसांतून बोटं फिरवत म्हणाले. “डोळे विस्फारून पाहायचास. मी आतल्या खोलीतून, दाराच्या फटीतून तुझं तोंड बघायचो. तुला वाटायचं, मी निघून गेलो. सिनेमा तू बघायचास रे... मी तुला बघायचो!”

तिने चिंगीला उचलून खिडकीकडे तोंड केलं. बापलेकांना सांगायचे निरोप आता तिच्याकडे काहीच उरले नव्हते.

बाबांचा हात एकदम बरा झाला नाही. असले हात होत नाहीत. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रोज हात वर-खाली करून घेते आणि बाबा तिला माशांच्या गोष्टी सांगून व्यायाम चुकवायला बघतात. घड्याळ आता पेटीत नसतं. नवरा स्वतः सकाळी ते त्याच डाव्या मनगटावर बांधतो, आणि दुसऱ्या सकाळी उठल्या उठल्या घरातला पहिला प्रश्न तोच असतो : चालतंय का? पहिले काही दिवस ते थांबलेलंच मिळे. मग निदान रात्रीपर्यंत चालायला लागलं. मग एका सकाळी नवऱ्याने ते कानाशी लावलं, मग बापाच्या कानाशी लावलं, बहिऱ्या नव्हे, चांगल्या कानाशी... आणि दोघंही ऐकत बसले. त्या दिवशी तिने चिंगीला बाबांच्या मांडीवर बसवलं, त्यांच्या डाव्या हाताचा वेढा पोरीभोवती घातला, आणि स्वतः मुद्दाम स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे उभ्या उभ्या जीव मुठीत धरून तिने कान बाहेर लावले होते, ही गोष्ट वेगळी! पण ती बाहेर आली नाही.

आताशा ती भेटेल त्याला एकच विचारते, आणि तुम्हांलाही तिचं हेच विचारणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, वरच्या मजल्यावर, खुर्चीत बसून ‘मला काही नको, तुमचं चालू द्या’ म्हणणारं कुणी आहे का? त्यांनी शेवटचं कधी काही उचललं, ते आठवतंय का तुम्हांला? नसेल आठवत, तर ही कथा इथेच बाजूला ठेवा. जा, त्यांच्यासमोर बसा, आणि त्यांना म्हणा... जरा हात वर करून दाखवता का?